मान टाकलेली गिधाडं

१९९६ साली विभू प्रकाश भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात परत आले, तेव्हा त्यांच्या ओळखीची कितीतरी झाडं रिकामी होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हे संशोधक ऐंशीच्या दशकात इथेच शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करून गेले होते. १९८७-८८च्या विणीच्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या इथे घरटी करून होत्या. आता निम्म्याही उरल्या नव्हत्या. झाडांखाली आणि झुडपांत मेलेली गिधाडं पडली होती. काही फांद्यांत अडकून तशीच लोंबत होती. जी जिवंत होती, त्यांतली कित्येक तासन्‌तास मान टाकून बसलेली दिसत होती.

मान टाकणं म्हणजे काय, हे ज्यांच्या दावणीला गुरं आहेत त्यांना समजावून सांगावं लागत नाही. गाईने मान टाकली की घरातलं कोणीतरी चप्पल पायात सरकवून गुरांच्या डॉक्टरकडे धावत सुटतं. इथे पाखरांचे थवेच्या थवे मान टाकून बसले होते, आणि धावायचं कोणाकडे हे कोणालाच माहीत नव्हतं.

माझ्या पिढीने, म्हणजे सत्तरच्या दशकात खेड्यात वाढलेल्यांनी, गिधाडं पोटभर पाहिली आहेत. आमच्या गावाबाहेर ओढ्यापलीकडे ढोरफाडी होती. गावात ढोर मेलं की ते ओढत तिकडे न्यायचं. हे काम जातीने ज्यांच्यावर लादलं होतं ती माणसं कातडं काढून घ्यायची, आणि त्यांनी पाठ फिरवायच्या आत आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या. आधी एक ठिपका, मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतके. पंख फडफडवत, एकमेकांच्या अंगावर चढत, फिस्कारत ती पंगत बसायची. तासाभराने तिथे फक्त हाडांचा सापळा उरायचा, ओला आणि स्वच्छ. आम्हा पोरांना तिकडे जायची बंदी होती म्हणून आम्ही हटकून जायचो. किळस यायची, भीती वाटायची, पण हा पक्षी कधी संपेल हा विचार आमच्याच काय, कोणाच्याही मनात आला नसता. ऐंशीच्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा जगातला बहुधा सर्वांत जास्त संख्येने असलेला मोठा शिकारी पक्षी होता. भारतातली गिधाडं काही कोटींत असावीत असा अंदाज होता. त्यांना कोणी मोजत नव्हतं, कारण कावळे तरी कोण मोजतं?

विभू प्रकाश यांनी मोजली होती. हा सारा शोध त्या एका गोष्टीवर उभा आहे. एका माणसाने एका उद्यानात, काही बिघडलेलं नसताना, झाडन्‌झाड हिंडून घरटी लिहून ठेवली होती. ती वही नसती तर १९९६ साली ‘हल्ली गिधाडं जरा कमी दिसतात’ एवढंच म्हणून लोक पुढे गेले असते.

१९९९मध्ये त्यांचा शोधनिबंध सोसायटीच्या नियतकालिकात आला, आणि २०००च्या सुमारास संशोधकांची पथकं देशभरचे जुने रस्ते पुन्हा तुडवायला निघाली. दहा वर्षांपूर्वी ज्या मार्गांनी गाडी चालवत पक्षी मोजले होते, त्याच मार्गांनी. उत्तर सगळीकडे एकच येत होतं. पांढऱ्या पाठीचं, लांब चोचीचं आणि बारीक चोचीचं, अशा तिन्ही जातींची गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त गेलेली. पुढे २००७ सालच्या मोजणीत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली ९९.९ टक्के घट नोंदली गेली. १९९२ साली जिथे हजार होती, तिथे एक.

मारेकरी कोण? अन्न तुटलं म्हणावं, तर मेलेली ढोरं उघड्यावर सडत पडली होती. झाडं तुटली म्हणावं, तर उभ्या झाडांवरची घरटी रिकामी होती. कीटकनाशकांवर पहिला संशय गेला आणि तो रास्तही होता, कारण डीडीटीने पाश्चात्त्य देशांत ससाण्यांची अंडी पातळ कवचाची करून टाकल्याची आठवण ताजी होती. पण डीडीटी पिढी खुंटवतं. इथे धडधाकट, वयात आलेले पक्षी मरत होते.

मेलेल्या गिधाडांची पोटं उघडल्यावर एक विचित्र दृश्य दिसत होतं. काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडांवर पांढरी खडूसारखी पूड साचलेली. पक्ष्यांचं शरीर नको असलेलं नत्र युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतं. पाखरांच्या विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. मूत्रपिंडं बंद पडली की ते बाहेर जायचं थांबतं आणि स्फटिक होऊन आतल्या अवयवांवर बसतं. वैद्यकीय भाषेत याला गाऊट म्हणतात. म्हणजे मृत्यू कसा येतो हे कळलं होतं. मूत्रपिंडं कशाने बंद पडतात, ते कळत नव्हतं.

लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या अँड्र्यू कनिंगहॅम यांच्यासारख्या जाणकारांना विषाणूचा दाट संशय होता. साथ पसरावी तसे हे मृत्यू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरले होते, त्यामुळे तो संशय अगदी तर्कशुद्ध होता. हरियाणात पिंजोरला २००१ साली गिधाडांसाठी शुश्रूषा केंद्र उघडलं. पण ताजं प्रेत मिळणं महाकठीण. राजस्थानच्या उन्हात मेलेला पक्षी काही तासांत तपासणीलायक राहत नाही, आणि नमुने परदेशी प्रयोगशाळांत पाठवायचे तर ते परवानग्यांत अडकत.

या कोड्याची किल्ली सीमेपलीकडे सापडली. पाकिस्तानातल्या पंजाबात चांगा मांगा, दोलेवाला आणि तोआवाला इथे गिधाडांच्या मोठ्या वसाहती शिल्लक होत्या. शिकारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या पेरेग्रिन फंड या अमेरिकी संस्थेने पाकिस्तानच्या पक्षिशास्त्र संस्थेच्या जोडीने २०००पासून तिथे तळ ठोकला. मुनीर विराणी, मार्टिन गिल्बर्ट आणि त्यांच्यासोबतची स्थानिक मंडळी रोज झाडांखाली फिरून मेलेले पक्षी उचलू लागली. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक लिंडसे ओक्स यांच्याकडे तपासणीचं काम होतं. पुढच्या तीन वर्षांत २५९ प्रेतं तपासली गेली. त्यांतल्या ८५ टक्क्यांत तीच पांढरी पूड.

ओक्स हे स्वतः सूक्ष्मजीवशास्त्राचे माणूस. विषाणू सापडला असता तर तो त्यांच्या हातचा. त्यांनी विषाणू शोधले, जिवाणू शोधले, परोपजीवी शोधले, जड धातू आणि कीटकनाशकं तपासली. काही नाही. एकामागून एक दारं बंद होत गेली. अशा वेळी माणूस बहुधा तीच दारं पुन्हा जोरात ठोठावतो. ओक्स यांनी तसं केलं नाही. त्यांनी प्रयोगशाळेतून बाहेर येऊन अगदी साधा प्रश्न विचारला. गिधाडं खातात काय? मेलेली गुरं. मग त्या गुरांच्या पोटात काय जातं?

त्यांच्या सहकाऱ्यांनी पंजाबातल्या पशुवैद्यकांकडे आणि गुरांची औषधं विकणाऱ्या दुकानांत जाऊन विचारपूस केली. प्रश्न असा होता की मूत्रपिंडाला अपायकारक असू शकेल, तोंडावाटे गेलं तरी अंगात भिनेल आणि अलीकडेच बाजारात आलं असेल असं औषध कोणतं? यादीत नाव उरलं एकच, डायक्लोफिनॅक. ते विकत नाही असं दुकान सापडलं नाही.

हे नाव वाचून अनेकांना घरातला औषधांचा डबा आठवला असेल. गुडघेदुखीला, पाठदुखीला, दात काढल्यावर आपणही हे घेतलेलं आहे. एका स्विस कंपनीने शोधलेलं हे वेदनाशामक १९७४ सालापासून माणसांच्या वापरात आहे. पेटंट संपल्यावर ते स्वस्त झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय उपखंडात गुरांसाठीही त्याची इंजेक्शनं बनू लागली. शेतकऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. बैल लंगडतोय, गाईला कास सुजून दगडी झाली आहे, म्हैस विल्यावर उठत नाही; काही रुपयांत सुई द्यायची, आणि जनावर तासा-दोन तासांत चाऱ्याला तोंड लावायचं. ज्याचं पोट त्या जनावरावर आहे त्याच्यासाठी हे फार मोठं काम आहे. आमच्याही गोठ्यात ही सुई कधी ना कधी दिली गेली असणार. देणाऱ्या डॉक्टरचे आम्ही आभारच मानले असतील.

ओक्स यांनी जपून ठेवलेली मूत्रपिंडं पुन्हा बाहेर काढली. गाऊट झालेल्या २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत त्यांनी औषधाचा अंश शोधला, आणि गाऊट नसताना दुसऱ्या कारणाने मेलेल्या १३ गिधाडांच्याही. पहिल्या गटात पंचवीसच्या पंचवीस नमुन्यांत डायक्लोफिनॅक निघालं. दुसऱ्या गटात एकातही नाही.

शास्त्रात इतका निखळ निकाल क्वचित हाती येतो. तरीही एवढ्यावर ते थांबू शकत नव्हते, कारण दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीला कारण ठरत नाही. पंख मोडल्यामुळे परत सोडता न येणारी काही गिधाडं त्यांच्याकडे होती. त्यांना औषध दिलं गेलं. मग म्हशी आणि शेळ्यांना नेहमीची मात्रा टोचून त्यांचं मांस गिधाडांना खाऊ घातलं, म्हणजे रानात जे घडत होतं तेच पिंजऱ्यात घडवून पाहिलं. त्यांतले बरेच पक्षी काही दिवसांत मेले. पोटात तीच पांढरी पूड. उरलेल्या पक्ष्यांना वाचवायचं म्हणून हाती असलेल्यांपैकी काहींना मारावं लागलं, हे लिहायला आणि वाचायलाही जड जातं. पण ते केलं नसतं तर औषध कंपन्यांपुढे आणि सरकारांपुढे ठेवायला पुरावा राहिला नसता.

मे २००३मध्ये बुडापेस्टला भरलेल्या शिकारी पक्ष्यांच्या जागतिक परिषदेत हा निष्कर्ष मांडला गेला. जगभरचे गिधाडतज्ज्ञ विषाणूच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, आणि समोर आलं गुडघेदुखीचं औषध. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भारतात आणि नेपाळमध्ये जपून ठेवलेले नमुने तपासल्यावर तिथेही तेच निघालं.

पण एक शंका उरतेच, आणि ती मलाही बराच काळ छळत होती. गुराच्या अंगातून हे औषध काही दिवसांत निघून जातं. म्हणजे सुई दिल्यावर लगेच जे जनावर मरेल तेवढंच विषारी. देशात मरणाऱ्या एकूण गुरांत अशी किती असणार? त्यावर कोट्यवधी पक्षी संपतील?

केंब्रिजचे ऱ्हीस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी याचा हिशोब मांडला. त्याचं सार आपल्यालाही मांडता येतं. समजा गिधाड तीन दिवसांतून एकदा जेवतं. म्हणजे वर्षाला सुमारे १२० पंगती. समजा दोनशे प्रेतांत एकच विषारी आहे. एका पंगतीला बचावण्याची शक्यता २०० पैकी १९९, म्हणजे जवळपास खात्रीच. पण लागोपाठ १२० पंगतींतून बचावायचं तर ती शक्यता घसरत घसरत ५५ टक्क्यांवर येते. वर्षभरात निम्म्याच्या आसपास पक्षी संपतात. आणि गिधाड हा पाच वर्षांनी वयात येणारा, वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी. इतकं नुकसान त्याला भरून काढता येत नाही. ग्रीन यांच्या गणिताप्रमाणे पाहिलेली घट घडवायला १३० पैकी एक ते ७६० पैकी एक एवढीच प्रेतं विषारी असणं पुरेसं होतं. भारतात पुढे उघड्यावरच्या गुरांच्या अठराशेहून जास्त प्रेतांच्या यकृतांची तपासणी झाली. दहा टक्क्यांत औषध होतं.

त्यात आणखी एक मेख आहे. सुई कोणत्या जनावराला देतात? जे आजारी आहे त्याला. निरोगी गाईला कोणी वेदनाशामक देत नाही. म्हणजे औषध नेमकं त्याच जनावरांत जात होतं, जी मरणाच्या जवळ होती.

आता मला या गोष्टीतला जो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. गुरांचं औषध बाजारात आणताना काय पाहतात? ते गुराला लागू पडतं का, गुराला अपाय करतं का, दुधा-मांसातून माणसाच्या पोटात किती जातं. तीनही प्रश्न योग्य आहेत. पण हे प्रश्न जिथे आकाराला आले तिथे मेलेलं जनावर कारखान्यात जातं किंवा पुरलं जातं. आपल्याकडे ते माळावर पडतं, आणि माळावर त्याची वाट पाहणारा एक सफाई कामगार हजारो वर्षं ठरलेला आहे. या देशात या औषधाचा शेवटचा ग्राहक गाय नव्हतीच. तिच्यानंतरही ते पुढे जात होतं. कोणाकडे जातं, हे विचारायचा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता. १९९२ साली रिओच्या पृथ्वी परिषदेत जगातल्या सरकारांनी सावधगिरीचं तत्त्व मान्य केलं होतं. गंभीर हानीची भीती असेल तर पूर्ण शास्त्रीय खात्री झालेली नाही या सबबीवर उपाय लांबवू नयेत, असा त्याचा आशय. त्याच सुमारास ही इंजेक्शनं आपल्या खेड्यांत पोहोचत होती. तत्त्व होतं. पण भीती वाटायलासुद्धा कोणीतरी गिधाडाच्या बाजूने विचार करावा लागतो, आणि त्या टेबलाभोवती तसं कोणी बसलेलं नव्हतं.

म्हणूनच यापुढे जे घडलं त्याचं मला मोल वाटतं. औषधावर बंदी घाला असं म्हणून पक्षीवाले मोकळे झाले असते, तर शेतकऱ्याने लंगड्या बैलाचं काय करायचं? वेदना बैलालाही होते. म्हणून नुसत्या बंदीऐवजी दुसरं औषध हातात देणं भाग होतं, आणि या वेळी प्रश्नांचा क्रम उलटा लावला गेला. आधी जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना आणि पशुवैद्यकांना विचारलं की तुम्ही गिधाडांवर, घारींवर, करकोच्यांवर कोणती वेदनाशामकं वापरली आणि पुढे काय झालं? मेलॉक्सिकॅम हे औषध साठ जातींच्या सातशेहून अधिक पक्ष्यांना दिलं गेलं होतं आणि कोणाला अपाय झाल्याची नोंद नव्हती. मग दक्षिण आफ्रिकेत जेरी स्वान आणि सहकाऱ्यांनी तिथल्या गिधाडांना ते आधी थोडं, मग वाढवत, रानात कधी पोटात जाईल त्याहून जास्त मात्रेत दिलं. ती सुखरूप राहिली. त्यानंतरच पिंजोरच्या आपल्या गिधाडांवर चाचणी झाली. २००६च्या जानेवारीत निष्कर्ष छापून आले. मेलॉक्सिकॅम गुरांसाठी भारतात आधीपासून मिळत होतं. सुरुवातीला ते महाग पडे, पण ते पाच-सात हजार मैलांवरून आणायचं नव्हतं.

त्याच वर्षी मे महिन्यात भारताच्या औषध नियंत्रकांनी गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचे उत्पादन परवाने मागे घ्यायचे आदेश दिले. पाकिस्तान आणि नेपाळनेही त्याच वर्षी पाऊल उचललं. शोध लागल्यापासून तीन वर्षांत तीन शेजारी देश एका पक्ष्यासाठी एकमताने वागले.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण पळवाट उघडी होती. माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक तीस मिलिलिटरच्या बाटलीत मिळत होतं. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर पुरतं. तीसची बाटली कोणासाठी, हे सांगायला नको. २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपुरती मर्यादित झाली. गाईसाठी अशा दहा कुप्या फोडणं खर्चाचं आणि कटकटीचं. मला हा उपाय फार आवडतो. कुठल्याही खेड्यात निरीक्षक पाठवावा लागला नाही, नुसता बाटलीचा आकार बदलला.

तोवर बाजारात भावंडं आली होती. ॲसिक्लोफिनॅक गाईच्या अंगात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. केटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे प्रयोगांनी दाखवून दिलं होतं. तरी त्या दोन्हींवर गुरांसाठी बंदी यायला २०२३चा जुलै उजाडला, आणि निमेसुलाइडवर यायला २०२४चा डिसेंबर. दरवेळी औषध आधी माळावर पोहोचतं आणि परीक्षा मागून धापा टाकत येते. युरोपात तर आपल्याकडची सगळी हकीकत माहीत असूनही स्पेनने २०१३ साली गुरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली. तिथे या औषधाने मेलेलं पहिलं गिधाड २०२०मध्ये सापडलं.

गिधाडं गेली याची किंमत फक्त पक्षीप्रेमींनी मोजली असं कोणाला वाटत असेल, तर एका अभ्यासाचं सांगतो. शिकागो विद्यापीठाचे एयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या जिल्ह्यांची विभागणी केली. काही जिल्हे गिधाडांना पूर्वापार मानवणारे, काही न मानवणारे. डायक्लोफिनॅक येण्याआधी दोन्हीकडे मृत्यूदर सारख्याच चालीने चालत होते. नंतर वाटा फुटल्या. गिधाडं हरवलेल्या जिल्ह्यांत माणसांचे मृत्यू चार टक्क्यांहून जास्त वाढले. २००० ते २००५ या काळात जवळपास पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा हिशोब २०२४ साली प्रसिद्ध झाला. प्रेतं सडत राहिली, पाण्यात घाण गेली, भटकी कुत्री वाढली, रेबीजच्या लशींची विक्री वाढली. आमच्या ओढ्यापलीकडच्या ढोरफाडीवर नव्वदच्या शेवटी कुत्र्यांच्या टोळ्या असायच्या. संध्याकाळनंतर त्या वाटेने कोणी पोरांना पाठवत नसे. आम्ही कुत्र्यांना शिव्या देत होतो. त्यांच्या जागी आधी कोण बसायचं, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाने शतकानुशतकांचा आपला अंत्यविधी गिधाडांच्या भरवशावर ठेवला होता. ती येईनाशी झाल्यावर तिथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. गिधाडं परत आणायची म्हटली तरी पेच आहेच, कारण शेवटच्या आजारात वेदना कमी करायला माणसालाही हेच औषध दिलेलं असू शकतं. जटायूची आठवण जपणारं टाकेद ज्या नाशिक जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर मात्र लांब चोचीची गिधाडं तग धरून आहेत. कड्याकपारीत राहणारी ही जात. कोकणात रायगडच्या म्हसळ्याकडे पांढऱ्या पाठीची थोडी टिकली. आणि २०२४च्या जानेवारीत पिंजोरला वाढवलेली गिधाडं ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली गेली. पाठीवर उपग्रहाशी बोलणारं छोटं यंत्र घेऊन ती सोडली गेली आहेत. कोणतं गिधाड कुठे गेलं आणि कुठे थांबलं, हे रोज पाहता यावं म्हणून.

एक गोष्ट सांगायची राहिली. ती मान टाकणं. भरतपूरला ज्या खुणेने सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला होता, त्या खुणेचा मार्टिन गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात नीट पाठपुरावा केला. कोणत्या पक्ष्याने किती वेळ मान टाकली, तेव्हा ऊन किती होतं, आणि पुढे तो जगला की मेला. २००७ साली त्यांनी लिहिलं की मान टाकण्यावरून मृत्यूचा अंदाज बांधता येत नाही. बहुधा ती उष्णतेत अंग निववायची रीत असावी. पक्षी खरोखर मरत होते, औषध खरोखर मारत होतं, पण ज्या खुणेमुळे आपण थबकून पाहिलं ती खूण कदाचित साध्या उकाड्याची होती. मला हे वाचून शोधाविषयी कमी नव्हे, जास्तच आदर वाटला. आपला पहिला धागासुद्धा तपासून घ्यायला ती माणसं विसरली नाहीत.

गेल्या एप्रिलमध्ये मी अंजनेरी चढून गेलो. दुपारचे दोन वाजले होते, दगड तापले होते. समोरच्या कड्यावर पांढऱ्या विष्ठेच्या रेघा उतरलेल्या कपारीत एक गिधाड बसलं होतं. दुर्बीण डोळ्याला लावली तर त्याने मान टाकलेली. हे सगळं वाचलेलं असूनही पोटात खड्डा पडला. मी घड्याळ लावून बसून राहिलो. चाळीस मिनिटं ते हललं नाही. मग कड्यावर सावली सरकत आली, दरीतून वारा उठला, त्याने मान वर केली, एकदा इकडे-तिकडे पाहिलं आणि पंख उघडून स्वतःला दरीत झोकून दिलं. तीन घिरट्यांत ते माझ्या डोक्याच्या वर होतं. मी वही काढली आणि तारीख, वेळ, जात आणि एक, एवढं लिहिलं.